गुणवंतीची दोरी आणि दुसरी भरती

मंगळवार, १९ जानेवारी १९८२ रोजी कांता महादेव तावडे हिने गुणवंती कोळणीच्या हातावर सव्वापाच रुपये ठेवले. गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा एकच दिवस झाला होता आणि फार तर पंधरा दिवसांत भोंगा पुन्हा वाजणार याची लालबागमध्ये सगळ्यांना खात्री होती. सव्वापाच रुपये पोट चोळायच्या तेलाचे होते. गुणाचे पैसे गुणवंती आधी घेत नसे. मूल झालं की बारशाला अकरा रुपये, एक खण आणि एक नारळ. नाही झालं तर काही नाही.

गुणवंती वरळी कोळीवाड्यातली. वय बावन्न, बांधा आटोपशीर, आवाज मात्र बाजाराच्या दोन्ही दारांतून बाहेर जाणारा. नवरा धर्मा आणि मुलगा जगदीश होडीतून आणतील तो माल पाटीत घालून ती सकाळी लालबागच्या बाजारात येऊन बसे. दुपारी दोनच्या सुमारास पाटी रिकामी झाली की मंगळवारी आणि शुक्रवारी ती लिंबाच्या सालीने हात घासून धुवायची आणि आसपासच्या चाळींतल्या बायकांची पोटं बघायला निघायची. ही विद्या तिला सासूकडून मिळालेली, सासूला तिच्या सासूकडून. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्याचा केसपेपर काढून झाला, गावच्या देवाला बोलून झालं, की मूल न होणारी बाई शेवटी तिच्या पाटीशी येई आणि हळूच विचारी, "मावशी, बोंबील कसे दिले?" भाव सांगितल्यावरही ती बोंबील घेत नसे आणि जातही नसे. गुणवंतीला तेवढ्यावरून कळायचं.

"दुपारी येते," ती म्हणायची. "खोली नंबर सांग नि वाट सोड. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

कांताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. महादेव गिरणीच्या साचेखात्यात, मागावर. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, आणि त्या खोलीत महादेवची आई सुंदराबाई. संपामुळे महादेव पहिल्यांदाच रोज घरी बसणार होता, तेव्हा हा मुहूर्त सुंदराबाईनेच काढला होता. "आता रातपाळीचा निमित्त नाय," असं ती म्हणाली.

गुणवंतीने कांताला चटईवर निजवलं, बेंबीच्या खाली तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मग दोनच प्रश्न विचारले. तोंडाला गरम बरं वाटतं की गार? आणि झोपेत पाय पोटाशी घेतेस की लांब सोडतेस?

"गार पिशवी," तिने निकाल दिला. "काय वाईट नाय. चोळून ऊब येईल."

गुणवंतीच्या लेखी पोटातली पिशवी चार तऱ्हेची. गार, गरम आणि सरकलेली या तिन्हींवर उपाय होता. गार पिशवीला तेलाची ऊब, गरम पिशवीला कोकमाचं पाणी आणि सरकलेल्या पिशवीला खालून वर चोळणं. चौथी बंद पिशवी. तिच्यावर उपाय नव्हता. बंद पिशवी हाताला लागली की गुणवंती पदराने हात पुसायची आणि तसं तोंडावर सांगून टाकायची. खोट्या आशेवर बाईला झुलवत ठेवणं तिला पटत नसे. या स्पष्टपणाबद्दलही तिचं नाव होतं.

पण खरी विद्या होती ती दिवसांची. पिशवीला तोंड असतं आणि ते चिखलात सापडणाऱ्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यासारखं वागतं, असं तिला सासूने शिकवलं होतं. भरती आली की शिंपला उघडतो, पाणी ओसरलं की मिटतो. महिन्याचे दिवस म्हणजे बाईची भरती. चौथ्या दिवशी न्हाली की पुढचे पाच दिवस तोंड उघडं राहतं. मग ते मिटतं, आणि मिटलेल्या शिंपल्यात काही शिरत नाही. उलट त्या काळात नवरा जवळ आला तर आधीचं बी हलतं. म्हणून पाच दिवस उघडे आणि त्यानंतरचे पंधरा दिवस पथ्य.

हे ध्यानात राहावं म्हणून ती बाईला जाळं विणायच्या सुताची हातभर दोरी द्यायची. न्हाल्यापासून रोज एक गाठ. नवरा-बायको ज्या रात्री एकत्र, त्या दिवसाची गाठ दुहेरी. महिन्याचे दिवस पुन्हा आले की जुनी दोरी मोडायची, नवी सुरू करायची. आणि चाळीस गाठी होऊनही ते आले नाहीत, तर गुणवंती स्वतः येऊन दोरीच्या टोकाला कवडी बांधायची. कवडी बांधली म्हणजे बाईला दिवस गेले, हे चाळीत जाहीर. बारशाला अकरा रुपयांबरोबर ती दोरी गुणवंतीकडे परत यायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायची.

कांताची दोरी सुरू झाली आणि चाळीला करमणूक मिळाली. कारण दहा बाय बाराच्या खोलीत उघडे दिवस आणि पथ्याचे दिवस लपवायचे कुठे? पहिल्या पाच गाठींना सुंदराबाई उशी काखेत मारून शेजारच्या राधाबाईकडे झोपायला जायची. सहाव्या गाठीला ती परत यायची आणि महादेवची वळकटी गॅलरीत पडायची. त्यामुळे कोणती गाठ चालू आहे हे तळमजल्यावरच्या पानवाल्यालाही माहीत असे.

"काय महादेवा, आज आत की बाहेर?" नळावर कुणीतरी विचारायचं.

"संप आहे ना," महादेव म्हणायचा. "दोन्ही शिफ्ट बंद."

सुंदराबाईची उशी चार महिने गेली, पाच महिने गेली, सात महिने गेली. भोंगा काही वाजला नाही, आणि कवडीही बांधली गेली नाही. गुणवंती दर मंगळवारी पोट चोळून जायची. ऊब येते आहे, असं ती सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. तळव्याला तिला खरोखरच ऊब लागत होती.

ऑगस्टमध्ये सुंदराबाई गौरी-गणपतीला गावी गेली. तिकिटाचे पैसे एकाचेच जमले, म्हणून महादेव आणि कांता मुंबईतच राहिले. सोळा तारखेला, सोमवारी, महादेव मोर्च्यात गेला आणि पोलिसांनी इतरांबरोबर त्यालाही उचललं. तो सुटला पंचवीस तारखेला, बुधवारी. दाढी वाढलेली, शर्टाचा खिसा फाटलेला आणि तोंडभर हसू. गॅलरीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. राधाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला.

सुंदराबाई पाच सप्टेंबरला गावाहून आली, आणि अठ्ठावीस सप्टेंबरला, मंगळवारी, गुणवंतीने कांताच्या दोरीला कवडी बांधली. बेचाळीस गाठी झाल्या होत्या. गुणवंतीने त्या मोजल्यासुद्धा नाहीत. दोरीची लांबी बघून, पोटाला हात लावून, कांताला दोन दिवस ओकाऱ्या होताहेत हे ऐकून तिने गॅलरीतच आरोळी ठोकली, "राधाबाय, साखर काढ गो!" साखर रेशनची होती तरी निघाली.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सुंदराबाई मासळीबाजारात आली. तिने बोंबलाचा भाव विचारला नाही. पाटीवरच्या ओल्या फडक्यावर तिने कवडीसकट दोरी ठेवली.

"मोज गो गुणवंते."

"काय मोजू? कवडी मीच बांधली."

"मोज. तुझीच दोरी, तुझीच विद्या. माका इतक्याच सांग, पहिल्या पाच गाठींक माझो झील खंय होतो?"

गुणवंतीने कोयता बाजूला ठेवला, हात पुसले आणि गाठी मोजायला घेतल्या. कांता न्हाली बुधवारी, अठरा ऑगस्टला. पहिली गाठ त्या दिवसाची. पाचवी गाठ रविवारची, गणेशचतुर्थीची. त्या पाचही दिवशी महादेव लॉकअपमध्ये. तो घरी आला तेव्हा आठवी गाठ होती, म्हणजे पथ्य सुरू होऊन तीन दिवस झालेले. आणि सबंध दोरीवर, टोकापासून कवडीपर्यंत, एकही दुहेरी गाठ नव्हती.

"कांता काय बोलली?"

"बोलली, पथ्य मोडला. तो आयलो त्याच राती. मी नव्हतंय ना घरात." सुंदराबाईचा आवाज खाली आला होता. तिच्या बाबतीत तेच जास्त भीतीचं. "बरां, मोडला म्हणां. पण तोंड तर मिटलेला होता मां तेव्हा? तूच सांगतस, मिटलेल्या शिंपल्यात काय शिरत नाय. नऊ वर्सां नाय झाला ता ह्याच म्हयन्यात, झील लॉकअपात आसताना झाला?"

"महादेव काय म्हणतो?"

"तो खुळो. तो म्हणता, माझाच. त्याका दोरी वाचूक येता खंय?" सुंदराबाईने दोरी उचलली. "मंगळवारी संध्याकाळी पाचची एसटी आसा. तिका तिच्या माहेराक पाठवतंय. तू येऊन सांग, दोरी खरी की सून खरी. तू सांगशीत ता चाळ मानतली."

एवढं बोलून ती गेली. गुणवंतीच्या पाटीतली उरलेली मांदेली त्या दिवशी तशीच राहिली.

दुपारी ती चाळीत गेली. महादेव युनियनच्या हापिसात होता. सुंदराबाई राधाबाईच्या दारात पाठ करून बसली होती. कांता खोलीत एकटी तांदूळ निवडत होती, आणि तांदूळ मूठभरच असल्यामुळे तेच ते पुन्हा निवडत होती.

"खरं सांग," गुणवंती म्हणाली. "दुहेरी गाठ का नाय मारली?"

"तू ओरडली असतीस." कांता मान वर न करता म्हणाली. "सात महिने पाळलं मावशी. एक दिवस मोडलं नाही. तो दहा दिवस कोठडीत राहून आला, उपाशी, आणि घरात कोणी नाही. मी त्याला काय सांगू? गॅलरीत झोप?" मग तिलाच जरा हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "चार-पाच दिवस तर आम्ही गाठी मोजायच्याच विसरलो. नंतर एकदम बसून बांधल्या."

गुणवंतीने तिच्या पोटाला हात लावला. पोटात जे होतं ते होतं. हात कधी फसला नव्हता. कांताचं तोंडही तिने बाजारातली बाई जसं गिऱ्हाइकाचं तोंड वाचते तसं वाचलं, आणि त्यातही खोट नव्हती. मग खोट उरत होती ती एकाच ठिकाणी.

वरळीला परत जाताना ती नेहमीच्या वाटेने चालली, पण कोळीवाड्यात शिरण्याऐवजी आधी खडकांकडे गेली. ओहोटी होती. तिसऱ्या चिखलात तोंडं मिटून बसल्या होत्या. तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी तिला काही सांगायचं टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली नाही. पत्र्याचा डबा काढून अंगणात खाटेवर तिने सगळ्या दोऱ्या पसरल्या. प्रत्येकीचा रंग वेगळा. कुणाच्या हळदीने पिवळ्या, कुणाच्या तेलाने काळ्या. कवडी असलेल्या त्रेसष्ट दोऱ्या भरल्या. प्रत्येक दोरी म्हणजे एक झालेलं मूल.

"आये, दुकान मांडलंस काय?" जगदीशने विचारलं.

"गप बस नि मोज."

जगदीश वय वर्षं सत्तावीस, अंगाने खांबासारखा, कानांनी मात्र धर्माचा. दोन्ही कान डोक्यापासून सरळ बाहेर आलेले. होडीत शीड नसलं तरी चालेल, असं कोळीवाड्यात त्यांच्याबद्दल म्हणायचे. दोघा मायलेकरांनी दुपारपर्यंत गाठी मोजल्या. चौदा दोऱ्यांवर दुहेरी गाठी पहिल्या पाचातच होत्या. आठ दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. बाकीच्या एकेचाळीस दोऱ्यांवर दुहेरी गाठी पुढेही होत्या. कुठे आठवी, कुठे दहावी, कुठे बारावी.

या एकेचाळीस गुणवंतीला नवीन नव्हत्या. प्रत्येक दोरी परत घेताना तिने ती गाठ पाहिली होती आणि प्रत्येक बाईला एकच वाक्य ऐकवलं होतं, "मोजायला चुकलीस गो." बायका मान डोलवायच्या. मूल मांडीवर असल्यावर गाठीवरून कोण भांडणार? एकेचाळीस बायका मोजायला चुकल्या असं गुणवंतीने पंचवीस वर्षं मानलं होतं. बाजारात पैशापैशाचा हिशोब चोख ठेवणाऱ्या बायका, आणि पाचपर्यंत मोजायला चुकल्या!

डब्याच्या तळाशी अजून एक दोरी उरली होती, सगळ्यांत जुनी. ती तिची स्वतःची. नववी आणि दहावी गाठ दुहेरी. तेव्हा तिची सासू म्हणाली होती, "मोजायला चुकलीस गो." गुणवंतीला चांगलं आठवत होतं की ती चुकली नव्हती. पहिले पाच दिवस धर्मा समुद्रात होता. पण सासू म्हणाली म्हणून तिने मान डोलवली, आणि पुढे तेच वाक्य आपलं करून टाकलं.

"कोनाची हाय ही?" जगदीशने विचारलं.

"तुजी," ती म्हणाली. "मंगळवारी चारला लालबागला यायचं. बापाला घेऊन. डोकीवर टोपी नको दोघांच्या."

मंगळवारी चार वाजता कांताची ट्रंक गॅलरीत होती. महादेव ट्रंकेवर बसला होता. ती उचलायची तर आधी मला उचला, असा त्याचा पवित्रा, आणि साडेआठ महिन्यांच्या संपाने बसून राहण्याचा सराव त्याला चांगलाच झाला होता. सुंदराबाई दारात. कांता आत, भिंतीला टेकून. बाकी चाळ कामाला निघाल्यासारखी बाहेर आली होती आणि कुणालाच काम नव्हतं.

गुणवंती आली, गॅलरीच्या मधोमध बसली आणि कांताची दोरी मागून घेतली. मग कमरेच्या बटव्यातून आपली काढून तिच्या शेजारी ठेवली.

"सुंदराबाय, ही तुझ्या सुनेची. पहिल्या पाचात नवरा घरी नाय. बरोबर?"

"बरोबर."

"ही माजी. पहिल्या पाचात माजा नवरा घरी नाय. तो डोलीचं जाळं घेऊन समुद्रात होता, सहा दिवस. नववी गाठ दुहेरी. त्यातून हा झाला." तिने जगदीशला दंडाला धरून पुढे ओढलं. "दोरी खरी धरली तर हा धर्माचा नाय. आता बघ सगळ्यांनी. धर्मा, असा बाजूला उभा रहा. सरळ. तोंड भिंतीकडं नको, लोकांकडं कर."

धर्माला बायकोने का आणलं हे तोवर सांगितलं नव्हतं. काही तरी सत्कार असावा या समजुतीने त्याने धुतलेला शर्ट घातला होता. गॅलरीतल्या तीस-पस्तीस लोकांनी आधी त्याचे कान बघितले, मग जगदीशचे, मग पुन्हा त्याचे.

"काय झालं काय?" त्याने विचारलं.

"तुजा पोरगा तुजा नाय, असं माजी दोरी सांगते," गुणवंती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत तिने हे धर्माला सांगितलं नव्हतं.

धर्माने जगदीशकडे खालून वर बघितलं. तो कमी बोलणारा माणूस.

"मंग यो घोरतो कोनासारखा?" तो म्हणाला. "रात्री दोघं सुरू झालो का तू उठून पडवीत जातेस. कोनाला फसवतेस?"

पहिलं हसू पानवाल्याचं. मग चाळ जी हसली ती खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायला लागेपर्यंत. महादेव ट्रंकेवरून उठला आणि त्याने ट्रंक उचलून सरळ आत नेऊन ठेवली. सुंदराबाईने त्याला अडवलं नाही. ती दोन दोऱ्यांकडे बघत होती.

"म्हणजे दोरी खोटी?"

"पाच दिवसांचं खोटं. कांता खरी. एकेचाळीस दोऱ्या घरी अशाच हायत, पाहिजे तर आणून दाखवते."

सुंदराबाई सावकाश उभी राहिली. "म्हणजे सात म्हयने," ती म्हणाली, "सात म्हयने मी उशी घेऊन ह्या राधाबायच्या घरात ढेकणांत निजलंय... ता सगळा फुकट? ज्या दिवसांनी जावचा होता त्या दिवसांनी मी घरात आणि झील गॅलरीत?"

"ढेकूण कुणाच्या घरात गं?" राधाबाई म्हणाली, आणि ते भांडण वेगळंच सुरू झालं.

सुंदराबाईने कांताची माफी मागितली नाही. ती आत गेली, स्टोव्ह पेटवला आणि सुनेला विचारलं, "आंबट काय खातलंस?" चाळीने ते पुरेसं मानलं. कांताने पुरेसं मानलं की नाही, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

गुणवंती दोऱ्या गुंडाळून उठत होती तेव्हा वरच्या मजल्याच्या जिन्यावरून गंगुबाई खाली आली. साठीची बाई. हसली नव्हती ती एकटीच.

"गुणवंते, मग आमच्या दमयंतीला बंद पिशवी सांगितलंस, ते?"

दमयंती गंगुबाईची मुलगी. पाच वर्षांपूर्वी गुणवंतीने तिच्या पोटावर हात ठेवला होता, पदराने पुसला होता आणि तोंडावर सांगितलं होतं. दीड वर्ष दोरी अगदी काटेकोर पाळणारी मुलगी, एक गाठ इकडची तिकडे नाही. त्या शब्दावर नवऱ्याने तिला सोडलं आणि दुसरी केली.

गुणवंतीने खाली मान घातली आणि ती जिना उतरली. धर्मा आणि जगदीश मागोमाग गेले.

त्या आठवड्यात ती कुणाचंच पोट बघायला गेली नाही. पाटी विकायची आणि घरी जायची. खडकांवर बसून पाणी बघायची. रविवारी सकाळी भरती होती, तिसऱ्या उघडल्या. ओहोटी झाली, मिटल्या. संध्याकाळी ती सूप घेऊन पुन्हा गेली तेव्हा पुन्हा भरती होती आणि त्या पुन्हा उघडल्या होत्या. जन्मापासून ती हे बघत होती.

"दिवसाला दोनदा भरती येते," तिने धर्माला सांगितलं. "मंग बाईलाच एकदा कशी येईल? दुसरी भरती आमच्या सासूबायने मोजलीच नाय."

"आईला दोनापुढं मोजता यायचं नाय," धर्मा म्हणाला. "मासळीसुद्धा मीच मोजायचो."

दुसरी भरती आठव्या गाठीपासून बाराव्यापर्यंत, असं गुणवंतीने त्या एकेचाळीस दोऱ्यांवरून ठरवलं. गार पिशवी, गरम पिशवी, सरकलेली पिशवी तिने सोडली नाही, चोळणंही सोडलं नाही. पण पथ्य काढून टाकलं, आणि बंद पिशवी हे शब्द त्यानंतर तिच्या तोंडातून कधी निघाले नाहीत.

मग ती गिरगावात गेली. दमयंती तिथल्या एका वाडीत, एका गुजराती बाईच्या पापडाच्या कामावर होती. ओट्यावर बसून पापड वाळत घालत होती. गुणवंतीने आडपडदा ठेवला नाही. दिवस चुकीचे सांगितले, पिशवी बंद नव्हती, माझं चुकलं, असं उभ्या उभ्याच सांगितलं.

दमयंतीने हातातला पापड नीट पसरला.

"मावशी, त्याने दुसरी केली ना, तिलाही चार वर्षांत काही नाही. आता तिला सोडून तिसरी बघतोय म्हणे." ती एकदम हसली. "तिची पण पिशवी बंद का गं? सगळ्या बंद पिशव्या त्याच्याच नशिबात?"

गुणवंती तिथेच ओट्यावर बसली. पोट बाईचं, म्हणून सगळी विद्या बाईच्या पोटात, हे तिला सासूने शिकवलं होतं, आणि त्यावर प्रश्न विचारायचं तिला आजवर सुचलं नव्हतं.

"पुरुषाचं पोट चोळून काय कळत नाय," ती शेवटी म्हणाली.

"केसपेपरवर कळतं," दमयंती म्हणाली. "इथल्या बाईंच्या मुलाचं कळलं. साधी तपासणी असते. पण त्यांना तिथवर न्यायचं कोणी?"

"मी नेते," गुणवंती म्हणाली.

आणि तेव्हापासून तिने नियमच केला. बोंबलाचा भाव विचारून उभ्या राहणाऱ्या बाईला ती आधी सांगायची, "खोली नंबर नको. पयला नवऱ्याला घेऊन ये. त्याला दवाखान्यात धाडायचा हाय." निम्म्या बायका तिथूनच परत जायच्या. उरलेल्यांचे नवरे डोक्यावर रुमाल घेऊन, मासे घ्यायला आल्यासारखे यायचे. गुणवंती त्यांना मोठ्याने विचारायची, "तुम्हीच का ते?" आणि अख्खा बाजार बघायचा. धंदा कमी झाला. पण डब्यात दोऱ्या पडत राहिल्या, आणि बारशाला बायका सांगायच्या की मावशी, अमुक गाठ. त्यावर ती मोजायला चुकलीस असं कधी म्हणाली नाही.

कांताला एकोणीस मे १९८३ रोजी मुलगी झाली. संप कधी संपला हे कुणी जाहीर केलं नाही. महादेवची गिरणी पुन्हा उघडली तेव्हा त्याच्या साच्यावर त्याला घेतलं नाही. तो दादरला एका कापडाच्या दुकानात लागला. उभ्या आयुष्यात विणलेलं कापड आता गजाने मोजून देतो, असं तो सांगे, आणि मोजायला चुकत नाही, असंही सांगे.

बारशाला गुणवंती आली. सुंदराबाईने अकरा रुपये, खण आणि नारळ ताटात ठेवून पुढे केले. मुलीला आत्या नव्हती, म्हणून नावाचा मान आजीकडे आला आणि नाव सुंदराबाईनेच ठेवलं होतं, सुहासिनी. गुणवंतीने खण घेतला, नारळ घेतला, रुपये ताटातच ठेवले.

"माझ्या दोरीने नाय झाली पोर. दोरी मोडली म्हणून झाली. पैसे कशाचे? उलट तेलाचे सव्वापाच मीच कांताला देणं लागते."

"तेल तर अंगाक लागला मां," सुंदराबाई म्हणाली.

"तेल फुकट गेलं, सुंदराबाय. व्यवहार तो व्यवहार."

त्याच दिवशी तिने दोन रुपयांची मांदेली पाटीतून काढून कांताच्या ताटात घातली. बाकीचे पुढच्या वेळी देते म्हणाली. पुढच्या वेळी मासळी महागली होती, त्यानंतर पावसाळ्यात होड्या बंद, आणि मग विषय मागे पडला. सुहासिनीचं लग्न झालं, तिलाही मुलगा झाला. गुणवंती अजून वरळीला आहे. कांताचे तिच्याकडून सव्वातीन रुपये येणे बाकी आहे.